शब्दांपूर्वीची ‘ला कुंपार्सिता’

तांगो म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे नृत्यगृहातील झगमगाट उभा राहतो. आम्हांस मात्र प्रथम आठवते ती एक खरखरणारी तबकडी. रोबेर्तो फिर्पो यांच्या वाद्यवृंदाने १९१६-१७ च्या सुमारास ओदेऑन कंपनीसाठी वाजविलेली ही ‘ला कुंपार्सिता’. तीत गायक नाही, शब्दही नाहीत.

या रचनेचा जन्म शोकातून झालेला नाही. माँटेव्हिडिओचा वास्तुशास्त्राचा एक विद्यार्थी, हेरार्दो मातोस रोद्रिगेस, याने ती विद्यार्थ्यांच्या कार्निव्हलमधील मेळ्यासाठी संचलनगीत म्हणून रचिली. ‘कोंपार्सा’ म्हणजे असा मेळा. गोव्याचा इंत्रुज पाहिलेल्यांस याहून अधिक सांगणे नको. त्या शहरातील ‘ला जिराल्दा’ या कॅफेत वाजविणाऱ्या फिर्पो यांच्या हाती ती पडली. त्यांनी तिला तांगोचे वळण दिले आणि आपल्याच दोन जुन्या रचनांचे तुकडे तीत जोडिले, असे ते स्वतः पुढे सांगत.

तेव्हा ध्वनिमुद्रणास मायक्रोफोन नव्हता. तो १९२५ नंतर आला. वादकांनी एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसावे, आणि त्या कर्ण्याने जे ऐकले तेवढेच मेणावर कोरले जावे, असा प्रकार होता. एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. (तबकड्यांची लाख बहुतांशी हिंदुस्थानातूनच जाई, म्हणजे त्या दूरच्या सुरांत आपल्या रानांचाही अंश होता!) व्हायोलिनचे मार्दव त्या कर्ण्यात बरेचसे हरपते. बांदोनेऑन मात्र टिकून राहतो. मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी भाता ओढावयाचे हे जर्मन वाद्य; आपल्या पेटीचे दूरचे नातलगच म्हणा ना. त्याच्या श्वासात एक हुंदका असतो, परंतु तो ओठांवर येण्यापूर्वीच पुढची मात्रा पडते.

या तबकडीची खरी मौज आम्हांस येथेच वाटते. स्वर उदास आहेत, पाऊल मात्र मेळ्याचे आहे. उत्सव संपला आहे, मुखवटे हाती आले आहेत, तरी रांग मोडलेली नाही. अशी काहीशी ती अवस्था. दुःख कोणाचे, कशाचे, हे कोणी सांगत नाही, म्हणूनच ऐकणारा आपले दुःख तेथे ठेवू शकतो.

१९२४ मध्ये पास्क्वाल कोंतुर्सी व एन्रिके मारोनी यांनी तिला शब्द दिले, आणि ती एका त्यक्त प्रियकराची कैफियत झाली. कार्लोस गार्देल यांच्या कंठातून ती सर्वत्र पोचली. मातोस यांस हे रुचले नाही. विद्यार्थिदशेत त्यांनी ही रचना अल्प मोबदल्यात विकून टाकिली होती. ते तेव्हा अज्ञान होते या आधारावर हक्क परत मिळविण्यात आले. शब्दांचा तंटा तर १९४८ पर्यंत चालला, आणि त्याच वर्षी मातोस निवर्तले. स्वतः मातोस यांनीही तिला निराळे शब्द रचिले होते, हे विशेष! शब्दांचा मोह आवरणे रचनाकारासही जड गेले असावे.

१९९८ मध्ये उरुग्वेने कायद्याने तिला आपले सांस्कृतिक व लोकप्रिय गीत ठरविले. जुना कॅफे केव्हाच नाहीसा झाला; त्या जागी साल्व्हो प्रासादाची उंच इमारत उभी आहे. तांगोच्या नृत्यसभांत मात्र रात्रीचे शेवटचे वादन म्हणून आजही बहुधा हीच वाजविली जाते, आणि ती बहुतेक वेळा शब्दांवाचूनच.