गाठ, टाय, वेल्क्रो: दिल्ली परिसरातली फायबर-बांधणी

सर्व्हरच्या कपाटात केबल्स नीट लावून बांधण्याची रीत टेलिफोन एक्स्चेंजमधून आली. दिल्लीच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये एमडीएफ नावाची लांबलचक लोखंडी चौकट असे. तिच्या एका अंगाला रस्त्याखालून आलेल्या तांब्याच्या जोड्या, दुसऱ्या अंगाला एक्स्चेंजची यंत्रे आणि दोहोंमध्ये हजारो जोडतारा, म्हणजे जंपर. ग्राहकाने घर बदलले की एक जंपर निघे, दुसरी पडे. यंत्रांकडे जाणाऱ्या तारांचे जुडगे मेण लावलेल्या दोऱ्याने ठरावीक अंतरावर गाठी मारून बांधायचे, हा जगभरच्या एक्स्चेंजचा शिरस्ता होता. 1958 मध्ये अमेरिकेतल्या थॉमस अँड बेट्स कंपनीने विमानातल्या तारांसाठी नायलॉनची टाय काढली आणि पुढे दोऱ्याची जागा तिने घेतली. दोरा असो वा टाय, बांधणी घट्ट हवी, एवढाच कारागिरीचा निकष होता. तांबे तेवढा दाब सहज सोसते.

काच आल्यावर हा निकष उलटा झाला. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेऊन दाखवली. ते संशोधन 1954 मध्ये प्रसिद्ध झाले. काच पुरेशी शुद्ध केली तर किलोमीटरमागची घट 20 डेसिबलच्या खाली आणता येईल, म्हणजे शंभरातला एक भाग प्रकाश तरी पलीकडे पोचेल, असे चार्ल्स काव यांनी 1966 मध्ये मांडले. 1970 मध्ये कॉर्निंगने ते करून दाखवले. भारतात स्थानिक एक्स्चेंज एकमेकांना जोडणारी पहिली फायबर यंत्रणा 1979 मध्ये सुरू झाली ती पुण्यात. पुढे वाळूजला फायबरचे मोठे उत्पादनही उभे राहिले.

सुरुवातीला एक्स्चेंजच्या आत फायबरचा वावर थोडाच होता. बाहेरची केबल भिंतीवरच्या पेटीत येई. तिथे तिचा एकेक तंतू पिगटेलला, म्हणजे एका टोकाला जोडणी बसवलेल्या आखूड तंतूला, वितळवून जोडत, सांध्यावर बाही चढवत आणि उरलेली लांबी ट्रेमध्ये सैल वेटोळे करून ठेवत. या पेटीचे मोठे रूप म्हणजे एफडीएमएस. तिचे आणि पॅच कॉर्डचे, म्हणजे दोन्ही टोकांना जोडणी असलेल्या आखूड केबलचे, निकष दिल्लीत जनपथावरच्या टेलिकम्युनिकेशन इंजिनीअरिंग सेंटरने ठरवून दिले. सैल वेटोळे ही काचेच्या बांधणीतली पहिली शिस्त. तांब्याच्या कामात उरलेली तार कापून टाकणे म्हणजे नीटनेटकेपणा. काचेच्या कामात पुढचा सांधा करायला तीच लांबी लागते.

संगणकांच्या खोल्यांत फायबर उशिरा शिरले. 1985-86 मध्ये नवी दिल्लीत रेल्वेचे आरक्षण संगणकावर गेले, तो काळ तांब्याच्या केबल्सचाच होता. मोठ्या संगणकांना साठवणयंत्रे फायबरने जोडण्याची पद्धत आयबीएमने 1990 मध्ये एस्कॉन या नावाने आणली. त्याच दशकात नोएडात सॉफ्टवेअर निर्यातीचे एसटीपीआय केंद्र चालू झाले, 1997 मध्ये जीई कॅपिटलने गुडगावात कामकाज केंद्र उघडले, आणि सर्व्हरची कपाटे या परिसरात नेहमीची झाली. हे कपाट 19 इंची. त्यातल्या उंचीचे माप म्हणजे यू, 44.45 मिलिमीटर, आणि सर्वसाधारण कपाट 42 यूचे.

या कपाटांत तांब्याची सवय घेऊन आलेल्या हातांनी काचही करकचून बांधली, आणि त्याची किंमत मोजावी लागली. तंतूचा गाभा आणि त्याभोवतीचे काचेचे आवरण यांच्या सीमेवर प्रकाश पुन्हा पुन्हा आत परततो, म्हणून तो पुढे जातो. तंतू फार वाकला किंवा टायच्या कडेने चेपला की त्या जागी काही प्रकाश बाहेर निसटतो. कॉर्ड तुटलेली दिसत नाही, लिंकही चालू असते, फक्त अधूनमधून चुका येतात. 1310 नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजणी ठीक दिसते, 1550 वर घट उघडी पडते. साधी परीक्षा म्हणजे लाल लेझरचा पेन. खोलीतला दिवा मालवून तो कॉर्डच्या टोकाला लावला की पिवळ्या आवरणातून जिथे लाल ठिपका चमकतो, तिथे टाय आवळलेली सापडते. म्हणून नायलॉन गेले आणि वेल्क्रो आले. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज दे मेस्त्राल यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या गोखरूंवरून घेतलेली ही कल्पना. पट्टीखाली बोट फिरावे इतकी ती सैल ठेवतात. घट्टपणा हे कसब होते, तिथे आता सैलपणा कसब ठरले. या व्यवसायातला हा सर्वांत मोठा बदल म्हणावा लागेल.

2003 मध्ये देशांतर्गत इंटरनेट रहदारीच्या देवाणघेवाणीसाठी निक्सी ही संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले इंटरनेट एक्स्चेंज नोएडात निघाले. तोवर देशातल्याच दोन इंटरनेट कंपन्यांमधली रहदारी बरेचदा परदेशात जाऊन परतत असे. आता ती एका खोलीतल्या कपाटांमध्ये हातोहात होऊ लागली. कॉर्डला महत्त्व आले, तशी गर्दीही आली. एससी जोडणीची दांडी 2.5 मिलिमीटर जाडीची, तर एलसीची 1.25. त्यामुळे तेवढ्याच जागेत दुप्पट तंतू बसू लागले, पण एक काढताना शेजारच्याला धक्का न लावता बोट घालायला जागा उरली नाही. उपाय म्हणून कपाटाच्या दोन्ही बाजूंना उभ्या वाटा, कडांना गोलाई आणि वर पिवळ्या रंगाची वेगळी फायबर-नाली आली. 2006 मध्ये वाकणे सोसणाऱ्या तंतूंचे जी.657 हे मानक आले आणि पूर्वी 30 मिलिमीटरची त्रिज्या मागणारा तंतू 10 मिलिमीटरच्या वळणातही तग धरू लागला. पण कमी वाकवण्याची सवय सुटली नाही, आणि ते योग्यच झाले, कारण कपाटात जुन्या-नव्या कॉर्ड शेजारी शेजारी असतात.

दिल्लीचा खरा शत्रू धूळ. सिंगल-मोड तंतूचा गाभा सुमारे 9 मायक्रॉनचा. थंडीत शहराच्या तोंडी असलेला पीएम 10 हा आकडा 10 मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, म्हणजे त्यातला मोठा कण एकटाच गाभा झाकू शकतो. शिवाय दोन टोके स्प्रिंगच्या दाबाने भिडतात, तेव्हा मधला कण चिरडून काचेवर कायमचा ओरखडा पडतो. म्हणून सर्व्हर-खोलीत हवा गाळून आत थोडा जास्त दाब राखतात, रिकाम्या पोर्टवर टोपी ठेवतात आणि प्रत्येक टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, पुसून मगच लावतात. दुसरा शत्रू उंदीर. केबल आत येते ती छिद्रे अग्निरोधक लेपाने बुजवतात. शिवाय भारतीय निविदांमध्ये उंदरांना पळवणाऱ्या ध्वनियंत्राचे कलम नेहमी आढळते.

मुंबईच्या हिरानंदानी समूहाचे योट्टा डी1 केंद्र ऑक्टोबर 2022 मध्ये ग्रेटर नोएडात सुरू झाले. त्याची क्षमता 5,000 कपाटांची. एवढ्या मोठ्या कामात तंतू जागेवर जोडत बसणे परवडत नाही, म्हणून कारखान्यात टोके बसवून, तपासून आलेल्या एमपीओ केबल्स वापरण्याकडे कल असतो. एका एमपीओ जोडणीत साधारणपणे 12 तंतू असतात. त्यांचे रंग निळ्यापासून सुरू होऊन ॲक्वावर संपतात आणि हा क्रम तंत्रज्ञाला तोंडपाठ असावा लागतो. इथे हाताची चूक एका नव्हे, बारा तंतूंना भोवते.

एमडीएफच्या काळी प्रत्येक जोडीचा क्रमांक वहीत लिहीत. आज कॉर्डच्या दोन्ही टोकांना लेबल असते, त्यावर कपाट, पॅनेल आणि पोर्ट. तरीही बंद झालेल्या कॉर्ड जुडग्यात राहून जातात, कारण जिवंत तंतूंमधून मेलेला ओढणे धोक्याचे. तो काढायचा तर आधी दोन्ही टोके सोडवून टोप्या लावतात आणि तारखेची चिठ्ठी बांधतात. काही दिवसांत कुणाची तक्रार आली नाही, तर वेल्क्रोचा एकेक पट्टा उघडत कॉर्ड हळूच बाहेर घेतात.