पाव, पावली आणि पावती

पौष महिन्यात म्हशाच्या जत्रेला आपण सगळ्याजणी जातो. तिथे एका दिवसात एक शब्द तीनदा कानावर पडतो. देवळाच्या रांगेत कुणी म्हणतं, "म्हसोबा नवसाला पावला." मिठाईच्या दुकानात एखादी आजी म्हणते, "पावशेर हलवा दे रे." आणि पोरांना भूक लागली की, "दोन वडापाव." पाव, पाव आणि पाव. पण हे तिघं एका आईची लेकरं नाहीत.

पहिला पाव म्हणजे चौथा हिस्सा. तो संस्कृतातल्या 'पाद' म्हणजे पाय या शब्दातून आला. जनावराला पाय चार, त्यातला एक म्हणजे पाव. बैलबाजाराच्या गावाला हे वेगळं सांगायला नको. एकाला पावाची जोड मिळाली की सव्वा, एकाला पाव उणा पडला की पाऊण. चार आण्यांची पावली याच घरातली. 25 पैशांचं नाणं जून 2011 अखेर चलनातून गेलं, पण पाव किलो राहिला. इथे एक हिशेब लक्षात ठेवा. ऐंशी तोळ्यांचा जुना शेर साधारण 933 ग्रॅमचा, म्हणून पावशेर 233 ग्रॅम भरायचा. पाव किलो मात्र 250 ग्रॅम. तोंडाने पावशेर म्हणा, पण काट्यावर 250 बघा.

दुसरा पाव वड्याबरोबरचा. हा समुद्रावरून आला. पोर्तुगीज लोक रोटीला 'पांव' म्हणतात. 1534 मध्ये वसई त्यांच्याकडे गेली, ती 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. बटाटा, चावी, पगार हे शब्दही त्यांचेच. पायाने मळतात म्हणून पाव, असं आपल्याकडे सांगतात, ते खरं नाही. विहिरीत पाव टाकून गावं बाटवली, अशाही गोष्टी किनाऱ्याकडे सांगतात. भाकरीच्या एका तुकड्यावरून माणसं जातीबाहेर पडायची, आणि आज तोच तुकडा आपण हसत खातो. हेच पोर्तुगीज जपानला गेले, म्हणून जपानी लोक या रोटीला 'पान' म्हणतात. आपलं पान झाडाचं, ते संस्कृतातल्या 'पर्ण'पासून. तिकडे कानडीत सापाला 'हावु' म्हणतात, आणि जुन्या कानडीत तोच 'पावु' होता. त्याचा ना पायाशी संबंध, ना रोटीशी.

तिसरा पाव देवाचा. तो संस्कृतातल्या 'प्राप्' पासून, म्हणजे मिळणं, पोचणं. जुन्या पत्रांत "पत्र पावले" असं लिहीत, म्हणजे पत्र पोचलं. आपलं मागणं देवापर्यंत पोचलं की देव पावला. आणि पैसे पोचल्याचा कागद म्हणजे पावती.

हे सगळं आज का सांगतो? आमच्या गटातल्या एका वहिनींनी कर्जाचा हप्ता रोख दिला. घेणारा ओळखीचा, म्हणून पावती मागायला त्यांना लाज वाटली. पुढच्या महिन्यात उत्तर मिळालं, "पैसे पावलेच नाहीत." दाखवायला कागद नव्हता. शेवटी आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून तो हप्ता पुन्हा भरला. त्या महिन्यात कुणाच्या घरी सणाचं कापड आलं नाही. त्या दिवसापासून गटात नियम केला : आधी पावती, मग पैसे हातातून सोडायचे. पावतीवर तारीख, रक्कम आणि सही तिथेच वाचायची. जिला वाचता येत नाही, तिच्याबरोबर दुसरी जाते.

पावती मागणं म्हणजे अविश्वास नाही. पैसे पोचले, एवढंच तो कागद म्हणतो. नवस पावल्याचा कागद देव देत नाही, मैत्रिणींनो. माणसाने मात्र द्यायलाच हवा.