एका विनाशिकेची सेवापुस्तिका



मराठीच्या एका निवृत्त अध्यापकाने अमेरिकन युद्धनौकेवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माळव्यात हयात घालविलेल्या माणसाला समुद्र तसा दूरचाच. परंतु साक्ष कोणाची ग्राह्य मानावी, हा प्रश्न बखरी वाचताना मला आयुष्यभर छळत आला. आणि ‘वॉर्ड’ या विनाशिकेच्या चरित्रात तो मला विलक्षण स्पष्ट रूपात भेटला.

अमेरिकन यादवी युद्धात १८६१ साली धारातीर्थी पडलेला तेथील नौदलाचा पहिला अधिकारी जेम्स हार्मन वॉर्ड. त्याचे नाव या नौकेस दिले गेले. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी असा कहर मांडला होता की विनाशिका जितक्या लवकर मिळतील तितक्या हव्या होत्या. कॅलिफोर्नियातील मेअर आयलंडच्या गोदीत १५ मे १९१८ रोजी हिच्या बांधणीस आरंभ झाला आणि १ जूनला ती पाण्यात उतरलीसुद्धा! आपल्याकडे एखादी पडवी बांधायला याहून अधिक दिवस लागतात. २४ जुलैला ती सेवेत रुजू झाली खरी, पण नोव्हेंबरात युद्धच संपले. १९२१ मध्ये तिला निवृत्त करण्यात आले आणि चार धुराड्यांची ही नौका जवळजवळ वीस वर्षे गोदीत पडून राहिली.

जानेवारी १९४१ मध्ये तिला पुन्हा सेवेत घेतले. खलाशी पुष्कळसे मिनेसोटातील सेंट पॉल शहरचे, राखीव दलातले. म्हणजे समुद्रापासून आपल्याइतकेच दूरचे. नेमणूक हवाई बेटांवर, पर्ल हार्बरच्या तोंडाशी पहारा देण्याची. कप्तान विल्यम आउटरब्रिज यांनी ५ डिसेंबरला सूत्रे हाती घेतली होती.

७ डिसेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास ‘काँडॉर’ या सुरुंग काढणाऱ्या नौकेने पाणबुडीचा पेरिस्कोप दिसल्याचे कळविले. वॉर्डने शोध घेतला. काही आढळले नाही. साडेसहानंतर मात्र ‘अँटारिस’ या मालवाहू नौकेच्या मागोमाग बंदराकडे सरकणारा एक लहानसा मनोरा पाण्यावर दिसला. त्या क्षेत्रात बुडी मारून वावरणाऱ्या परक्या पाणबुडीवर हल्ला करण्याची आज्ञा होतीच. पहिला गोळा वरून गेला. तिसऱ्या क्रमांकाच्या तोफेचा गोळा मनोऱ्याच्या तळाशी बसला, असे गोलंदाजांनी सांगितले. मागोमाग खोल पाण्यात फुटणारे बाँब टाकण्यात आले. सातला काही मिनिटे असताना आउटरब्रिज यांनी बिनतारी संदेश धाडला: पाणबुडीवर गोळीबार केला आहे, बाँब टाकले आहेत.

संदेश सांकेतिक होता. तो उलगडण्यात वेळ गेला. दूरध्वनी अडून राहिले. ॲडमिरल किमेल यांच्या कानी बातमी गेली तेव्हा आठाला थोडाच अवकाश होता, आणि पडताळणी चाललेली असतानाच जपानी विमाने माथ्यावर आली. किमेल यांना एकट्याला दोषी धरणे मला न्याय्य वाटत नाही. पाणबुडी दिसल्याच्या खोट्या वर्दी त्यापूर्वी अनेकदा आल्या होत्या. मात्र ‘दिसली’ आणि ‘गोळा घातला’ या दोन क्रियापदांतील अंतर त्या सकाळी कोणी नीट वाचले नाही, हे भाषेच्या अध्यापकाला खटकल्यावाचून राहत नाही.

पुढे वॉर्डचे रूपांतर सैनिक उतरविणाऱ्या वेगवान नौकेत झाले. सॉलोमन बेटे, न्यू गिनी, फिलिपिन्स अशी तिची चाकरी चालू राहिली. ७ डिसेंबर १९४४ रोजी, बरोबर तीन वर्षांनी, ऑर्मोकच्या उपसागरात एक आत्मघातकी जपानी विमान तिच्यावर आदळले. आग आटोक्यात येईना. माणसे सुखरूप उतरविल्यावर तिला तोफा डागून बुडविण्याचे काम ‘ओब्रायन’ या विनाशिकेकडे आले. तिचे कप्तान होते तेच विल्यम आउटरब्रिज. कादंबरीकाराने हा प्रसंग लिहिला असता, तर मी त्याला योगायोगाचा अतिरेक म्हणून गुण कापले असते.

त्या पहिल्या गोळ्याचा वाद मात्र उरला. पाणबुडी सापडली नव्हती. गोळा खरोखर लागला का, ती बुडाली का, याविषयी शंका घेतल्या गेल्या. वॉर्डचे खलाशी म्हातारे होत गेले आणि तेच तेच सांगत राहिले. जपानने त्या दिवशी पाठविलेल्या पाच छोट्या पाणबुड्यांवर दहा माणसे होती. मृत नऊ जणांना तेथे ‘युद्धदेव’ म्हणून गौरविले गेले. जिवंत पकडल्या गेलेल्या दहाव्याला त्या गौरवातून वगळले. साक्षीदार जिवंत असणे तिकडेही अडचणीचेच ठरले.

ऑगस्ट २००२ मध्ये हवाई विद्यापीठाच्या संशोधकांना पर्ल हार्बरपासून काही मैलांवर, सुमारे चारशे मीटर खोलीवर ती पाणबुडी सापडली. दोन्ही पाणतीर नळ्यांत तसेच होते. आणि मनोऱ्याच्या तळाशी, उजव्या अंगाला, गोळ्याचे एक भोक होते.