परक्याची नजर आणि नॉर्वेचा शेतकरी

प्रवासवृत्ताचा इतिहासाचे साधन म्हणून उपयोग करताना परक्याची नजर अधिक स्वच्छ असते, हे गृहीतक आपण सहसा तपासून पाहत नाही. देशातल्या माणसाच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टी परक्याला खटकतात, खटकतात म्हणून तो त्या नोंदवतो, आणि नोंदवतो म्हणून त्या विश्वसनीय ठरतात, असा हा युक्तिवाद आहे. त्यातील पहिल्या दोन पायऱ्या मान्य होण्यासारख्या आहेत. तिसरीविषयी मात्र शंका घ्यायला जागा आहे, आणि ती शंका मांडण्यासाठी मेरी वोलस्टनक्राफ्टच्या स्कँडिनेव्हियातील पत्रांइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

मराठी वाचकाचा नॉर्वे हा प्रायः इब्सेनचा नॉर्वे आहे. अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’पासून (१९४१) तो आपल्या परिचयाचा झाला: बंद दिवाणखान्यांचा, कर्जाचा आणि अब्रूच्या धाकाचा. वोलस्टनक्राफ्टचा नॉर्वे याच्या अगदी उलट आहे. १७९५च्या उन्हाळ्यात ती स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली, तेथून नॉर्वेत गेली आणि डेन्मार्कमार्गे हॅम्बुर्गला पोहोचली. या प्रवासाची पंचवीस पत्रे १७९६मध्ये लंडनच्या जोसेफ जॉन्सनने प्रसिद्ध केली. तिने पाहिलेल्या समाजांत नॉर्वेचे लोक सर्वाधिक स्वतंत्र आहेत, असा तिचा अभिप्राय आहे. जमीन लहान लहान शेतांत विभागलेली, शेतकरी बहुतांशी स्वतःच्या जमिनीचा मालक, सरदारवर्ग जवळजवळ नाही, कर हलके. यातून एक प्रकारची समता निर्माण झाली आहे, असे ती म्हणते. फ्रान्समधील दहशतीचे पर्व जिने पॅरिसमध्ये राहून पाहिले होते, तिला रक्तपाताविना लाभलेली ही समता मोहवून गेली असल्यास नवल नाही. या समतेच्या डोक्यावर मात्र कोपनहेगनची सत्ता होती, आणि तेथील राजेशाही १६६०पासून कायद्यानेही अनियंत्रित होती. वोलस्टनक्राफ्टला हा विरोधाभास दिसत नव्हता असे नाही. तिचे उत्तर असे की राजा दूर आहे आणि कारभार युवराजाच्या व मंत्री बेर्नस्टॉर्फच्या सौम्य हाती आहे.

या प्रवासाचे निमित्त ग्रंथात कोठेच येत नाही. पत्रे ज्याला उद्देशून लिहिली आहेत त्या ‘तुम्ही’चे नावही येत नाही. ही व्यक्ती म्हणजे गिल्बर्ट इम्ले हा अमेरिकन व्यापारी, तिच्या मुलीचा पिता. त्याने फ्रान्समधून चांदी भरून पाठवलेले जहाज नॉर्वेच्या किनाऱ्यावर आले आणि चांदी नाहीशी झाली. संशय पेडर एलेफसेन या नॉर्वेजियन कप्तानावर होता. त्या चांदीचा माग काढणे आणि भरपाई मिळवणे, हे तिचे काम होते. एक वर्षाची मुलगी आणि दाई यांना स्वीडनमध्ये ठेवून ती एकटीच नॉर्वेत गेली, ती या कामासाठी. व्यवहाराचा हा तपशील पेर न्यूस्ट्रम या स्वीडिश इतिहासकाराने १९८०मध्ये उजेडात आणला. तोपर्यंत जवळजवळ दोन शतके हा ग्रंथ दुखावलेल्या प्रेमाचे आत्मकथन म्हणून वाचला जात होता, आणि त्यातील व्यापारावरची जळजळीत टीका ही त्या दुःखाचीच एक छटा मानली जात होती.

निमित्त कळल्यावर संहितेचा नकाशा बदलतो. तॉन्सबेर्ग या गावी ती सुमारे तीन आठवडे राहिली. समुद्रस्नान, खडकांवरचे फिरणे, परत आलेली झोप: ग्रंथातील सर्वांत प्रसन्न पाने येथील आहेत. तेथील न्यायाधीश तिच्या कामात तिला साहाय्य करत होता. रिसोर या बंदराचे वर्णन मात्र गुदमरून टाकणारे आहे. डोंगर आणि समुद्र यांच्या कैचीतली घरे, तंबाखूचा धूर, आणि नफ्यापलीकडे दुसरा विषय नसलेली माणसे. बास्तीयच्या तुरुंगाची आठवण तिला येथे होते. एलेफसेन याच परिसरातला. १७९६च्या वाचकाला रिसोर हे एक कुंद गाव वाटले असेल. आपल्याला ते एका फसलेल्या भेटीचे ठिकाण म्हणूनही वाचावे लागते. याचा अर्थ वर्णन खोटे आहे असा नव्हे. धूर खरा असेल, पण तो तिच्या नजरेत इतका का भरला, याचे उत्तर रिसोरमध्ये जेवढे आहे तेवढेच तिच्या पेटीतल्या कागदपत्रांत आहे.

निमित्ताने काही दाखवले तसे काही झाकलेही. रिसोर ज्या नेडेनेस जिल्ह्यात येते, त्याच जिल्ह्यातला क्रिस्तियान लोफ्टहूस हा शेतकरी १७८६मध्ये गाऱ्हाणी घेऊन कोपनहेगनला युवराजाकडे गेला होता. अधिकारी नियमाबाहेर पैसे उकळतात आणि शहरी व्यापाऱ्यांच्या मक्तेदारीमुळे धान्य महाग पडते, या त्याच्या मुख्य तक्रारी. शेकडो शेतकरी त्याच्यामागे उभे राहिले. १७८७मध्ये त्याला पकडण्यात आले आणि क्रिस्तियानियाच्या आकेर्सहूस किल्ल्यात साखळदंडांत ठेवण्यात आले. वोलस्टनक्राफ्ट त्या शहरातून गेली तेव्हाही तो तेथेच होता; १७९७मध्ये कैदेतच वारला. राजाचे दूर असणे शेतकऱ्याला सोयीचे होते, हे तिचे निदान अर्धे बरोबर म्हणता येईल. राजा दूर असला की स्थानिक अधिकारी जवळ असतो.

शेतकऱ्यांतही सर्वच जमिनीचे मालक नव्हते. दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडे आणि तुकडाभर शेत मिळवून त्याबदली राबणाऱ्या ‘हुसमान’ लोकांचा वर्ग वाढत होता. वोलस्टनक्राफ्टनंतर चारच वर्षांनी, १७९९मध्ये, माल्थस नॉर्वेत आला. त्याचे निमित्त उघड होते: लोकसंख्येवरील आपल्या ग्रंथासाठी त्याला पुरावा हवा होता. त्यालाही हाच ग्रामीण समाज आवडला, पण कारण निराळे. झोपडे रिकामे होईपर्यंत गड्याला लग्न करता येत नाही, म्हणून लग्ने उशिरा होतात आणि म्हणून दारिद्र्य आटोक्यात राहते, असे त्याने १८०३च्या आवृत्तीत मांडले. एकीला जेथे स्वातंत्र्य दिसले, तेथे दुसऱ्याला संयम दिसला. झोपड्याची वाट पाहणाऱ्या गड्याला स्वतःला काय दिसत होते, याची नोंद या दोघांपैकी कोणाच्याच ग्रंथात नाही.

वोलस्टनक्राफ्टच्या नजरेचे बळ खरोखर कोठे आहे, असे विचारले तर मी नॉर्वेच्या स्तुतीकडे नव्हे, स्वीडनमधील एका नोंदीकडे बोट दाखवीन. हिवाळ्यात मोलकरणी नदीवर कपडे धुतात, बर्फाने त्यांचे हात चिरतात, रक्त येते, आणि सोबतचे पुरुष नोकर त्यांचे घमेले उचलून देणे कमीपणाचे मानतात. येथे सिद्धान्त नाही आणि तुलनाही नाही. ती उन्हाळ्यात तेथे होती, म्हणजे हे तिने पाहिलेले नाही, कोणाकडून तरी ऐकलेले आहे. ऐकण्यासाठी आधी विचारावे लागते. किनाऱ्यावरच्या पहिल्याच मुक्कामी यजमानाने तिला तोंडावर सांगितले होते की बाई चौकस दिसतात, पुरुषांनी विचारावेत असे प्रश्न विचारतात. तिने हे पत्रात नोंदवून ठेवले. पाहणाऱ्यालाही कोणी पाहत असते याची जाणीव ठेवणारी ही नोंद, माझ्या मते, माल्थसच्या साऱ्या तक्त्यांहून इतिहासकाराच्या अधिक उपयोगाची आहे.

मग देशीय नजर अधिक भरवशाची म्हणावी काय? माल्थसने जो विषय वरवर हाताळला, त्यावर आयलर्ट सुंट या नॉर्वेजियन धर्मशास्त्र्याने खेडोपाडी हिंडून १८५५मध्ये नॉर्वेतील विवाहांवर ग्रंथ लिहिला. एखाद्या काळात लग्ने अधिक होतात त्याचे एक कारण तरुणांचा उतावीळपणा नसून पिढीभरापूर्वी जन्मलेल्या मुलांची संख्या हे असते, असे त्याने आकड्यांनी दाखवून दिले. हा झाला घरच्या माणसाने केलेला खुलासा. परंतु १८६४मध्ये सुरू झालेला लापशीचा वाद पाहावा. शेतकरी स्त्रिया लापशी शिजत आल्यावर तिच्यात शेवटी मूठभर कोरडे पीठ टाकत. हे अज्ञान आहे, पीठ वाया जाते, असे एका पाकशास्त्रावरील पुस्तकात टोपणनावाने लिहिले गेले. लिहिणारा होता पेटर क्रिस्टन आस्ब्यॉर्नसेन, नॉर्वेच्या लोककथांचा थोर संग्राहक. सुंट त्या स्त्रियांच्या बाजूने उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या चूल सांभाळणाऱ्या बाईला तिचे कारण असणार, ते आधी विचारावे, असे त्याचे म्हणणे होते. वाद वर्षानुवर्षे चालला, आणि ज्यांच्या तोंडून कथा उतरून घेतल्या त्यांच्या हातच्या लापशीवर आस्ब्यॉर्नसेनचा विश्वास अखेरपर्यंत बसला नाही.