तेलकट चेहऱ्याची जुनी गोष्ट

'तेलकट त्वचा' हे नाव जाहिरातींनी घराघरात पोचवलं, पण तक्रार फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्यांना 'मुखदूषिका' म्हटलं आहे. त्यांवर वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी यांचा लेप सांगितला आहे. म्हणजे तेव्हाची तरुण मुलंही चेहऱ्यावरून हिरमुसत असणार!

पुण्यातल्या वाड्यांमधून संहिता कोण उघडणार? तिथे डाळीचं पीठ, मसुराच्या डाळीचं पीठ, फार तर मुलतानी माती. दिवाळीत आधी अंगाला तेल चोळायचं, मग उटणं लावून ते काढायचं. तेलाशी वैर नव्हतं. जास्तीचं तेवढं पिठाने टिपून घ्यायचं, झालं.

पुढे या घरगुती वस्तू डबीत आणि ट्यूबमध्ये गेल्या. केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ साली मुंबईत विको सुरू केली आणि १९७५ मध्ये त्यांचं हळदीचं क्रीम आलं. ते औषध की सौंदर्यप्रसाधन, यावरून अबकारी कराचा वाद लागला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि क्रीम औषध ठरलं. मला हा खटला बोलका वाटतो. तेलकट चेहऱ्याबद्दल आपला गोंधळ तोच आहे: हा आजार, की नुसता दिसण्याचा प्रश्न?

खरं तर तेलकटपणा हा आजारच नाही. त्वचेतल्या तैलग्रंथी वयात येताना संप्रेरकांमुळे जास्त काम करू लागतात. हे तेल त्वचेचं रक्षणही करतं. मात्र त्याने आणि मृत पेशींनी रंध्रं बुजली, तिथे जिवाणू वाढले, की मुरमं येतात. यात अस्वच्छतेचा दोष नाही. म्हणून दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने तोंड धुणं पुरे. सारखं घासल्याने त्वचा चुरचुरते, आतलं तेल काही थांबत नाही. मुरमं फार असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं, त्यांवर चांगली औषधं आहेत.

दुकानातून परस्पर आणलेलं स्टेरॉइडचं मलम मात्र कधीही लावू नये. दोन दिवस चेहरा छान दिसतो, नंतर त्वचा पातळ होते आणि मुरमं वाढतात. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, ती याचसाठी.

नववीच्या वर्गावर मी असे कितीतरी चेहरे पाहिले. उत्तर येत असायचं, पण सगळे आपल्याकडे बघतील म्हणून हात वर होत नसे. लेप, साबण, क्रीम सगळं बदललं, हा संकोच काही बदलला नाही. आणि तो बरेचदा घरातूनच सुरू होतो.

तेव्हा आजी-आजोबा मंडळींना एकच विनंती. नातवंडांना "तोंड नीट धूत नाहीस का?" असं विचारू नका. ती धुतात, गरजेपेक्षा जास्तच धुतात.