घरबसल्या काम : पापड, विडी आणि अकरा हजारांचा सर्व्हे

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात पाठवली. खाली एकच ओळ : "ताई, हे खरं असेल का?" जाहिरात नेहमीचीच. घरबसल्या काम, रोज दोन तास, दिवसाला अडीच हजार, अनुभवाची गरज नाही. ती पेटची तयारी करतेय. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. मेस, अभ्यासिका, फॉर्मच्या फिया हे सगळं घरून येणाऱ्या पैशांत बसवायचं म्हणजे काय, हे पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा किंवा नेट-सेट देणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

"फ्रॉड आहे गं, सोड" असं लिहून मी मोकळी झाले असते. पण मग पुढची जाहिरात आली की ती परत मलाच विचारणार. शिवाय माझा पीएचडीचा विषयच घरात बसून केलेली मजुरी हा आहे (एमएस्सी संख्याशास्त्रात केल्यावर मी इकडे कशी आले, ते पुन्हा कधीतरी). म्हणून तिला जे लांबलचक उत्तर लिहिलं, तेच थोडं नीट करून इथे टाकतेय.

सुरुवात गिरगावातून करू. १५ मार्च १९५९. एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं तयार झाली आणि भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याकडे विकायला गेली. हेच पुढे लिज्जत पापड झालं. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. ही गोष्ट आपण 'महिला सक्षमीकरण' या मथळ्याखाली इतक्यांदा ऐकलीय की त्यातला हिशोब बघायचाच राहतो. मला हिशोबातच जास्त रस आहे.

कामाची पद्धत अशी बसली : पीठ केंद्रावर मळायचं, बायकांनी ते घरी न्यायचं, लाटायचं, वाळवायचं, आणि दुसऱ्या दिवशी पापड परत आणून द्यायचे. पापड तपासून, वजन करून घेतले की वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, हातात पडायची. मग नवीन पीठ. आता या साखळीत पैसा कुठून आला? पापड खाणाऱ्याच्या खिशातून. तो दुकानातून, केंद्रातून फिरत लाटणाऱ्या बाईपर्यंत पोचला. कर्ज काढायची वेळ आली तेव्हा ते कामासाठी काढलं गेलं, आणि काम करणाऱ्या बाईकडे पैसा येत राहिला. मी प्रत्येक कागदाला विचारते तो प्रश्न हाच : पैसा कुणाकडून निघतो आणि कुणाकडे जातो? बाकी सगळं नंतर.

पण खरं काम म्हणजे चांगलं काम असंही नाही. यासाठी सोलापूर, सिन्नर, अहिल्यानगरकडच्या विडी कामगार बायकांकडे बघावं लागतं. तिथेही पान-तंबाखू कारखान्यातून घरी न्यायची, विड्या वळायच्या, आणि हजाराच्या हिशोबाने परत द्यायच्या. पैसा विडी ओढणाऱ्याकडून येतो, म्हणजे काम खरं आहे. गोम दुसरीकडे आहे. माल घेताना काही विड्या 'छाट' म्हणून नाकारल्या जातात. कधी पान खराब म्हणून, कधी बांधणी सैल म्हणून. पण पान दिलं कुणी? कारखान्यानेच. वळायची मेहनत मात्र गेली बाईची. हे भांडण इतकं जुनं आणि इतकं रोजचं होतं की १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यात त्यासाठी वेगळी तरतूद करावी लागली. कच्चा माल किती दिला, विड्या का नाकारल्या, नाकारलेल्यांची मजुरी द्यायची की नाही, या तंट्यांचा निकाल कुणीतरी तिसऱ्याने द्यायचा. कारखानदार या कायद्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९७४ मध्ये कोर्टाने कायदा उचलून धरला. घरी बसून काम करणारी बाईसुद्धा कामगारच, हे या कायद्याने मान्य केलं.

हे सगळं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि रागही. कारण एमएस्सीला असताना माझी स्वतःची छाट झाली होती. डेटा एंट्रीचं काम, दहा दिवसांची मुदत, अंधुक स्कॅन केलेली पानं बघून टाइप करायची. आधी 'परत मिळणारी' नोंदणी फी भरली. करारात एक कलम होतं : अचूकता ९८ टक्क्यांच्या खाली गेली तर मोबदला नाही, उलट नुकसानभरपाई आपण द्यायची. दहा रात्री जागून काम दिलं. निकाल : नापास. कुठे चुकलं ते दाखवणार नाहीत. दोन दिवसांनी वकिलाच्या नावाने नोटीस, "पैसे भरा नाहीतर केस". घरी सांगायची लाज वाटली म्हणून मी थोडे पैसे भरलेसुद्धा. संख्याशास्त्राची विद्यार्थिनी असून अचूकता मोजली कुणी आणि कशी, हा साधा प्रश्न मी विचारला नाही, हे मला अजून खटकतं. आणि त्या टाइप केलेल्या पानांचं पुढे काहीच होणार नव्हतं, ती कुणालाच नको होती. विडीच्या छाटीत निदान विडी तरी खरी असते.

आता २०१०-११ कडे येऊ. 'स्पीक एशिया' हे नाव तुमच्यापैकी लहान असलेल्यांना आठवणार नाही, आईबाबांना विचारा. सिंगापूरमध्ये नोंदलेली कंपनी, भारतात ऑनलाइन सर्व्हे भरायचं काम. वर्षाची वर्गणी ११,००० रुपये. आठवड्याला दोन सर्व्हे, प्रत्येकी ५०० रुपये. शिवाय नवीन माणूस आणला की बोनस वेगळा. अकरा आठवड्यांत पैसे वसूल, पुढे निव्वळ कमाई, असा हिशोब लोक एकमेकांना वहीवर मांडून दाखवायचे. वर्तमानपत्रांत सभासदांचा आकडा १९-२० लाख छापून येत होता.

तो हिशोब आपण दुसऱ्या बाजूने मांडू. समजा फक्त १ लाख सभासद. त्यांनी भरले ११० कोटी. वर्षभर आठवड्याला १,००० प्रमाणे त्यांना द्यायचे ५२० कोटी. मग वरचे ४१० कोटी कोण देणार? उत्तर असायला हवं, सर्व्हे विकत घेणाऱ्या कंपन्या. पण मे २०११ मध्ये बातम्या आल्या तेव्हा ज्या मोठ्या कंपन्यांची नावं ग्राहक म्हणून घेतली जात होती, त्यांनी संबंध नाकारले. मग मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेचा तपास, अटका, पैसे अडकलेल्या सभासदांची कोर्टात धाव. वहीवरचा हिशोब चुकीचा नव्हता. तो अर्धाच होता, फक्त येणाऱ्या पैशांचा.

आणि असल्या योजना काही इंटरनेटने आणलेल्या नाहीत. माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९७८ चा आहे. २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केलीय.

आत्ताचा नमुना थोडा वेगळा आहे, पुण्यातले आयटीवालेसुद्धा त्यात अडकलेत. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रिव्ह्यू द्या. पहिले दीडशे रुपये खरंच खात्यात येतात, आणि इथेच माणूस फसतो, कारण पुरावा हातात आल्यासारखं वाटतं. मग टेलिग्राम ग्रुप, मग 'प्रीपेड टास्क', मग स्क्रीनवर फुगत जाणारी शिल्लक, आणि ती काढायला गेलं की आधी 'टॅक्स' भरा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने अशा पार्टटाइम कामाच्या आणि गुंतवणुकीच्या शंभरहून जास्त वेबसाइट बंद केल्या. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे एक बघावं : दीडशे रुपये आले, हे एक निरीक्षण झालं. त्यावरून 'काम खरं आहे' हा निष्कर्ष निघत नाही. आलेले पैसे दुसऱ्या फसलेल्या माणसाचे असू शकतात, आणि तसं असेल तर तुमचंही खातं गोठतं.

मग खरं ऑनलाइन काम असतंच की नाही? असतं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या गटाचा एक पेपर आला होता. ग्रामीण भागातल्या, मुख्यतः स्थानिक भाषा वाचणाऱ्या लोकांनी साध्या स्मार्टफोनवर हाताने लिहिलेले मराठी-हिंदी शब्द टाइप केले. अचूकता ९६.७ टक्के, म्हणजे व्यावसायिक कंपनीच्या तोडीची. इथे काम कुणाला हवं होतं ते कळतं : हस्तलिखित कागद डिजिटल करणाऱ्यांना. मुलाखतींचं शब्दांकन, भाषांतर, प्रबंधांचं मुद्रितशोधन, ऑनलाइन शिकवण्या ही कामंही अशीच. दर फार भारी नसतात, पैसे उशिरा येतात, सुरुवातीला काम मिळायलाच महिने जातात. दिवसाला अडीच हजार तर मलाही कुणी देत नाही.

त्या ज्युनिअरला मी जाहिरातीचं उत्तर दिलंच नाही. उलट तिलाच विचारायला सांगितलं की हे काम शेवटी कोण विकत घेतं. तिने विचारलं. समोरून उत्तर आलं, "मॅडम आधी जॉइनिंग किट घ्या, ८९९ रुपये." तिने मला स्क्रीनशॉट पाठवला, खाली हसणारी इमोजी. नंतर म्हणाली, तिच्या रूममेटने हे किट मागच्याच महिन्यात घेतलंय आणि पुढे आणखी पैसे भरलेत. मी १९३० हा हेल्पलाइन नंबर दिला, बँकेलाही लगेच कळवायला सांगितलं. रूममेट अजून घरी सांगायला तयार नाही. उद्या संध्याकाळी दोघी माझ्याकडे येतायत.