फिडल लीफ फिगच्या पानांवर डाग पडलेत? पाणी घालण्याआधी हे बघा

हॉलच्या कोपऱ्यात फिडल लीफ फिगची कुंडी येते. दोन महिने झाड झकास असतं. मग एक दिवस खालच्या पानावर तपकिरी डाग दिसतो, पान मान टाकतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "पाणी कमी पडतंय त्याला." रोज एक तांब्या पाणी सुरू होतं. पंधरा दिवसांत आणखी चार पानं जमिनीवर. या झाडाचा घात बऱ्याचदा असाच होतो, काळजीपोटी घातलेल्या पाण्याने.

शास्त्रीय नाव फायकस लायराटा. वड, पिंपळ, उंबर यांचंच हे भावंड, त्यामुळे पान तोडलं की पांढरा चीक येतो. मूळ घर पश्चिम आफ्रिकेतली सखल, दमट जंगलं. तिथे अनेकदा दुसऱ्या झाडाच्या खोबणीत याचं बी रुजतं, जसं आपल्याकडे वडाचं रोप जुन्या भिंतीच्या फटीत उगवतं. म्हणजे मुळांना ओलावा लागतो, पण हवाही तितकीच लागते.

सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. माती सतत चिंब राहिली की मातीतल्या पोकळ्यांमधली हवा निघून जाते. मुळं गुदमरतात, त्यांना बुरशी लागते आणि ती सडतात. सडलेल्या मुळांना पाणी वर पाठवता येत नाही. म्हणून कुंडीत डबकं असूनही पान तहानल्यासारखंच दिसतं. नुसतं मरगळलेलं पान बघून तहान की सड हे सांगता येत नाही. त्यासाठी मातीत बोट घालावं लागतं, चांगलं दोन इंच. किंवा लाकडी काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढावी. ओली माती चिकटून आली, तर पाणी बंद.

डाग कुठून सुरू झाला?

सडीचे डाग गडद तपकिरी, कधी काळपट असतात. ते सहसा खालच्या जुन्या पानांवर आधी येतात. पानाच्या कडेला येतात तसे मधल्या शिरेजवळही येतात. कुंडीला कुबट वास येऊ लागतो. तहानेचे डाग वेगळे. ते फिकट तपकिरी, कुरकुरीत आणि कडेपासून आत सरकणारे. पान आत वळतं, माती आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते, कुंडी उचलली तर हलकी लागते. अशा वेळी वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवून नीट निथळू द्यावी.

कोवळ्या पानांवर लालसर तपकिरी बारीक ठिपके दिसले की लोक सर्वात जास्त घाबरतात, आणि घाबरण्यासारखं सर्वात कमी तिथेच असतं. याला इडिमा म्हणतात. पानातून जितकं पाणी हवेत जातं त्यापेक्षा जास्त पाणी मुळं ओढतात आणि पेशी फुटतात. पाण्याच्या वेळा सुधारल्या की पान मोठं होताना हे ठिपके बरेचसे फिके पडतात. मात्र नव्या पानावरचे डाग वेडेवाकडे असतील, भोवती पिवळी कडा असेल आणि ते पसरत असतील, तर जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. ती पानं कापून टाकावीत, कात्री स्पिरिटने पुसावी, झाड इतर कुंड्यांपासून लांब ठेवावं आणि पानांवर पाणी शिंपडणं थांबवावं. यावर हमखास औषध नाही.

खिडकीकडच्या बाजूलाच पांढुरके, वाळलेले चट्टे असतील तर ते ऊन. काचेतून येणारं दुपारचं थेट ऊन पान भाजतं, पण अंधाऱ्या कोपऱ्यातही हे झाड टिकत नाही. पडद्याआडचा भरपूर उजेड त्याला मानवतो. जागा बदलल्यावर काही पानं गळतात. तेवढ्याने पुन्हा जागा बदलू नये.

पान उलटं करून बघायला बहुतेक जण विसरतात. बारीक जाळी आणि टाचणीच्या टोकाएवढे फिके ठिपके म्हणजे लाल कोळी, उन्हाळ्यातली कोरडी हवा त्याला फार आवडते. कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पानं पुसून निंबोळी तेल आणि सौम्य साबणाचं पाणी आठवड्याच्या अंतराने फवारावं.

सडच असेल तर

झाड कुंडीतून बाहेर काढावं. टणक मुळं ठेवायची, गिळगिळीत मुळं कापायची. नर्सरीतून झाड लाल चिकट मातीत आलं असेल तर ती माती शक्य तेवढी झाडून टाकावी आणि कोकोपीट, परलाइट, थोडं कंपोस्ट अशा मोकळ्या मिश्रणात ते लावावं. कुंडी मुळांच्या मानाने फार मोठी नको. खाली भोक हवंच. प्लॅस्टिकची कुंडी शोभेच्या बिनभोकाच्या कुंडीत बसवलेली असेल तर तळाशी साचलेलं पाणी दिसतच नाही, ते दर वेळी ओतून टाकावं. एप्रिलमध्ये आठवड्याला लागणारं पाणी जुलैच्या दमट हवेत पंधरा दिवसही पुरू शकतं, त्यामुळे "दर रविवारी पाणी" हा नियम पावसाळ्यात उलटतो. आणि हो, पानावर हळद लावून काही होत नाही. दुखणं कुंडीत आहे.

तपकिरी झालेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. उपाय लागू पडला का, हे जुन्या डागांवर नाही तर पुढच्या दोन नव्या पानांवर कळतं, आणि त्याला काही आठवडे लागतात. तोवर अर्धं हिरवं असलेलं पान कापू नये, ते अजून झाडाला अन्न देतं. जे कापावं लागेल ते हातमोजे घालून. चिकाने त्वचेला खाज सुटते. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कापलेली पानं लगेच उचलावीत, चावल्यास तोंडाची आग आणि उलट्या होऊ शकतात.